काकांच्या ऑपरेशनबद्दल

म्हापसा, गोवा
३ जुलै

प्रिय अजित,

काका पडले नाहीत, कुठे आपटले नाहीत, मग मणक्यात रक्त आलं कुठून, असं तू विचारलंस. मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण असतं. त्याच्या बाहेर, हाडाच्या आत, बारीक शिरांचं जाळं असतं आणि त्या शिरांना झडपा नसतात. खोकला, शिंक, संडासला जोर, एवढ्यानेही शिरांतला दाब एकदम चढतो. त्यात वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, तेव्हा फुटलेली शीर मिटायला वेळ लागणार. कित्येकांत तर कारण सापडतच नाही. काकींनी 'मीच नारळाचं पोतं उचलायला लावलं' हे मनातून काढून टाकावं.

खांद्यांच्या मधोमध सुरी खुपसल्यासारखी कळ, मग काही तासांत पाय जड, लघवी बंद: हे ओळखून तू पेडण्याहून थेट बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठलंस, हे फार बरं झालं. पहिल्या १२ तासांत साठलेल्या रक्ताचा मज्जारज्जूवरचा दाब काढला तर निकाल चांगला लागतो, त्यातही ऑपरेशनच्या आधी पाय थोडे हलत असतील तर जास्तच. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) उतरवायला व्हिटॅमिन के एकटं पुरत नाही, ते तासन्‌तास घेतं. म्हणून सोबत प्लाझ्मा किंवा क्लॉटिंग फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारे घटक देतात.

लॅमिनेक्टॉमीत, म्हणजे या ऑपरेशनमध्ये, मणक्याची मागची कमान काढतात. खाली जेलीसारखी गुठळी असते, ती शोषून, सलाइनने धुऊन काढतात, वाहणारी शीर बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) जाळतात. दबलेला ड्युरा पुन्हा धडधडू लागला की सर्जनचा जीव भांड्यात पडतो. ड्रेन, म्हणजे साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी, एकदोन दिवस राहतो. या दिवसांत दर पाळीला काकांना पायाची बोटं हलवायला सांग. कालच्यापेक्षा हालचाल कमी झाली किंवा दुखणं एकाएकी वाढलं तर राउंडची वाट पाहू नकोस, सिस्टरला तिथल्या तिथे बोलाव. पुन्हा गुठळी झालेली असू शकते.

घरी आल्यावर सगळे पायांकडेच बघतात. माझ्या मते आधी मूत्राशय आणि कातडी. फोलीची (लघवीसाठी कायम ठेवलेली) नळी काढल्यावर आपणहून लघवी नीट होत नसेल तर दर ४ ते ६ तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायचा. हात साबणाने धुवायचे, नळीला जेली लावायची, निघालेलं माप वहीत लिहायचं. एका वेळी ५०० मिलीच्या वर निघतंय म्हणजे तू उशीर केलास. ताण बसलेलं मूत्राशय पुन्हा आकसायला महिने घेतं. संडासची वेळ ठरलेली ठेव. सकाळची पेज झाल्यावर अर्ध्या तासाने आतडी आपसूक हलतात, तेव्हाच सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) ठेवायची.

कूस दर २ तासांनी, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस आहे म्हणून सुटका नाही. माकडहाड आणि टाचा रोज बघ. लाल डाग बोटाने दाबून पांढरा झाला नाही, तर त्या जागेवर अजिबात भार नको. गरम पाण्याची पिशवी घरातून बाहेर काढ. बाल्कांवातल्या (ओसरीवरच्या) तापलेल्या लादीवर अनवाणी पाय ठेवूनसुद्धा फोड येतात आणि काकांना कळत नाही. पोटरी एकाच बाजूने सुजली तर तेल लावून रगडायची नाही, शिरेत गुठळी असू शकते, आधी डॉप्लर सोनोग्राफी.

पाय अचानक उडाला की घरात आनंद होईल. तो बहुधा स्पॅझम, म्हणजे स्नायूंचा आपोआप येणारा झटका असतो. 'अंगठा वर करा' म्हटल्यावर अंगठा वर आला तर ती खरी हालचाल. त्या झटक्यांसाठी बॅक्लोफेन चालू केलं तर एकदम बंद करायचं नाही. गुठळी छातीच्या वरच्या मणक्यांत होती, म्हणून हेही लक्षात ठेव: डोकं ठणकून घाम फुटला आणि बीपी चढलं तर त्यांना ताबडतोब बसतं कर आणि नळी तुंबली आहे का ते बघ. बहुतेक वेळा कारण तेच असतं. बीपी उतरलं नाही तर १०८.

सुधारणा पहिल्या ६ महिन्यांत सर्वांत जास्त होते, पुढे हळूहळू वर्षदोनवर्षं चालते. वॉर्फरिन पुन्हा केव्हा सुरू करायचं हे हृदयाच्या आणि मणक्याच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं आहे, शेजाऱ्यांनी नव्हे. सुरू झालं तर तांबडी भाजी बंद नको, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच.

न्हाणीघराच्या उंबरठ्याला फळीचा उतार कर, पावसाळ्यात ती शेवाळून निसरडी होते, वर खरखरीत काथ्या ठोक. सोमवारी येतो, लघवीची वही तयार ठेव.

तुझा,
दिनेश