पाटे वाढवण्याआधी ब्रेक बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की मालाची पिकअप उलटल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि शेवटी ठरलेलं वाक्य असतं, 'चालकाचा ताबा सुटल्याने'. हे वाक्य आता मला वाचवत नाही. हंगामात माझा मुलगा रात्रीचा माळशेज घाट उतरून कल्याणला माल नेतो. गाडी आम्ही याच उन्हाळ्यात जुनी घेतली. ती घेताना आणि नंतरच्या महिनाभरात जे पाहिलं, त्यावरून सांगते, ताबा सुटायचं कारण पुष्कळदा गॅरेजातच करून ठेवलेलं असतं.

गाडी बोलेरो पिकअप, नगर जिल्ह्यातली. एजंट म्हणाला, "ताई, सोळाचं मॉडेल, सीआरडीई इंजिन, पाटे वाढवलेले आहेत, अडीच टन डोळे झाकून टाका." पाटे म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानीतल्या लोखंडी पट्ट्या, जास्त माल भरता यावा म्हणून त्या वाढवतात. मुलगा खूश. मी म्हटलं, आधी गाडी कोणती आहे ते बघू. उजव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, नंबर ठोकलेला असतो. त्यावर चिखल आणि ग्रीसचा थर होता. डिझेलच्या फडक्यानं पुसून तारेच्या ब्रशनं घासला, वर पांढरा कागद धरून पेन्सिल फिरवली, आरटीओच्या कामाला चॅसी प्रिंट घेतात तशी. सतरा अक्षरं उमटली. सुरुवात 'एमए1', म्हणजे महिंद्राच. दहावं अक्षर वर्षाचं. तिथे 'एफ' होता, म्हणजे 2015. पासिंग, म्हणजे नोंदणी, जानेवारी 2016 चं, म्हणून एजंटच्या तोंडी सोळाचं मॉडेल. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पण दाखवताना बोट नेमकं नोंदणीच्या तारखेवर ठेवलं जातं.

मग बॉनेट उघडलं. सीआरडीई म्हणजे कॉमन रेल. त्यात चारही इंजेक्टरना डिझेल एका जाड नळीतून, रेलमधून मिळतं आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचं सॉकेट असतं. आमच्या गाडीत पंपापासून चार बारीक नळ्या सरळ इंजेक्टरला गेलेल्या, वायर एकही नाही. म्हणजे जुन्या पद्धतीचं साधं डीआय टर्बो इंजिन, आरसीवर धुराच्या नियमांचा जुना टप्पा, भारत स्टेज 3. त्याचं मला वाईट वाटलं नाही. असलं इंजिन आमच्या गावातला मिस्त्रीही खोलतो, लॅपटॉप लागत नाही. पण सीआरडीई समजून फिल्टर आणि इंजेक्टर आणले असते तर पैसे पाण्यात गेले असते. किंमतही त्या हिशेबाने कमी करून घेतली.

आता पाटे. मागच्या कमानीत दोन पाटे वेगळ्या रंगाचे, यू-बोल्ट नवे आणि लांब. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि बॅटरी मारून मला म्हणाला, "काकू, हे बघा." मागच्या ॲक्सलवरून एक दांडी वर चॅसीवरच्या व्हॉल्व्हला जाते. ती दांडी कुणीतरी सोडवून बाइंडिंगच्या तारेनं बांधून ठेवली होती. या व्हॉल्व्हचं काम मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी व्हॉल्व्ह ढकलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. रिकाम्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. पाटे वाढवले की दोन टन भरूनही चॅसी पुरेशी बसत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी हलकीच राहते आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पडतो. सगळं ओझं पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर येतं, आणि घाटाच्या उतारावर डिस्क तापली की पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. आमच्या गाडीत तर मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये सील गळून ब्रेकचे लायनर तेलानं भिजलेले होते. अशी गाडी घेऊन माझा मुलगा माळशेज उतरणार होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जास्तीचे पाटे काढायला लावले. दांडी पुन्हा बसवली, सील आणि चारी लायनर नवे घातले, ब्रेक ऑइल बदललं, मागचे टायर बदलले. हेडलाइटला रिले टाकून वेगळी वायर ओढली. जुन्या वायरिंगमधून बल्बपर्यंत पुरता करंट पोचत नव्हता, तेच बल्ब आता लख्ख पेटतात. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी नव्यानं चिकटवली. गावात लोक हसले. पैसे घालून पाटे काढणारी हीच पहिली, म्हणाले.

त्यांचंही मला कळतं. आमच्या आरसीवर भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की 1250 किलो उरतात. टोमॅटोचा क्रेट प्लास्टिकसकट 22 किलो धरला तर छप्पन्न क्रेट. नारायणगावच्या बाजारातून नव्वद, शंभर क्रेट भरून गाड्या निघतात, कारण भाडं क्रेटमागे मिळतं. छप्पन्नात डिझेल, हप्ता आणि विमा निघत नाही, म्हणून पाटे वाढतात, हौद्याला उंच जाळी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नं कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, कलम 194 नं जादा भाराला 20 हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. तरी हे चालूच आहे, कारण दंड एखाद्या दिवशी होतो आणि भाडं रोज मिळतं.

म्हणून आपल्या दैनिकातून दोन मागण्या करते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या वेळी तपासणाऱ्या साहेबांनी एकदा वाकून मागचे पाटे मोजावेत आणि व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे का ते पाहावं. बॅटरी मारली तर दोन मिनिटांचं काम आहे. आणि बाजार समितीनं व्यापारी, शेतकरी व वाहतूकदारांना एकत्र बसवून क्रेटवरचं भाडं बंद करावं, अंतराप्रमाणे फेरीचं भाडं ठरवावं. शेतकरी म्हणून क्रेटमागे दोन पैसे जास्त पडले तरी मी द्यायला तयार आहे आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी असतील.

आमच्या भागात कुणी जुनी पिकअप घेत असेल तर व्यवहाराआधी मला बोलवावं. कागद, पेन्सिल आणि बॅटरी घेऊन मी येईन.

आपली,
एक टोमॅटो उत्पादक शेतकरी महिला,
ता. जुन्नर, जि. पुणे