५८ व्या वर्षी घरी आलेले अण्णा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील, मुंबई पोलीस दलातले रिटायर्ड सहायक फौजदार, गेल्या महिन्यात गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मोठे साहेब गेले की पेपरात फोटोसकट येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण ज्यांनी आख्खी नोकरी नाकाबंदीत, बंदोबस्तात आणि आरोपी कोर्टात ने-आण करण्यात काढली त्यांच्याबद्दल चार ओळी कुठे येत नाहीत, म्हणून हे पत्र.

अण्णा १९७६ ला भरती झाले, संगमेश्वर तालुक्यातल्या गावातून आलेला २१ वर्षांचा पोरगा. तेव्हा मुंबईच्या शिपायाला निळी हाफ पँट आणि पिवळी टोपी असायची, त्या ड्रेसमधला त्यांचा एक फोटो आहे घरी. आम्ही राहायचो वरळीच्या बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी चाळीत, पोलीस क्वार्टर म्हणून मिळालेली १६० स्क्वेअर फुटांची खोली, त्यात आई, अण्णा, आम्ही तीन भावंडं आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी काका कायमचा. आमच्या मजल्यावर बरीच घरं पोलिसांचीच होती, त्यामुळे दुपारी सगळीकडे रेडिओ हळू लागायचा कारण कोणाचा तरी बाप नाईट करून झोपलेला असायचा. पोरांना ओरडून खेळायचं असेल तर खाली मैदानात जा, हा नियम कोणी लिहिला नव्हता पण सगळे पाळायचे.

१२ मार्च १९९३ ला असेच ते नाईट करून झोपले होते. सेंच्युरी बझारपाशी स्फोट झाला तो आवाज चाळीत ऐकू आला आणि अण्णा पँट चढवून बनियनवरच धावत गेले. त्या दिवशी शहरात १२ स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत दंगल होती, म्हणजे तो आख्खा हिवाळा आम्ही त्यांना नीट बघितलंच नाही, आंघोळीला यायचे, डबा घ्यायचे आणि परत. सेंच्युरी बझारला काय बघितलं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

पण तेवढ्यातही त्यांनी बाप म्हणून काही सोडलं नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. स्वतःच्या बुटांना पॉलिश करताना आमचे शाळेचे बूट पण ओळीत ठेवलेले असायचे. प्रगतिपुस्तकावर सही रात्री दोन वाजता का होईना पण व्हायची, आणि सहीच्या आधी ते सगळे मार्क वाचायचे, कारण सकाळी गणिताबद्दल विचारलं जायचंच. साप्ताहिक सुट्टी मिळाली आणि ती रद्द झाली नाही तर मटण त्यांच्याच हातचं, त्या दिवशी आईला स्टोव्हजवळ येऊ द्यायचे नाहीत. आम्हा मुलींवर त्यांनी कधी हात उगारला नाही, पोलिसाच्या घरात मारझोड असणारच असं समजून मैत्रिणी विचारायच्या तेव्हा मला खरंच राग यायचा.

सगळ्यात मोठी रुखरुख गणपतीची. कोकणातला माणूस आणि गणपतीला गावी नाही, कारण मुंबईत गणपती म्हणजे पोलिसाची रजा बंद. आई आम्हाला घेऊन एसटीने जायची आणि अण्णा गिरगाव चौपाटीला उभे. २०१३ ला ५८ व्या वर्षी रिटायर झाले आणि त्या वर्षी पहिल्यांदा पाटावर गणपती आणण्यापासून गौरी-विसर्जनापर्यंत घरी होते, पहाटे उठून दुर्वा काढायला स्वतः जायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मुंबईत परत आल्यावर अनंत चतुर्दशीला टीव्हीवर मिरवणूक लागली तर मूर्ती सोडून बंदोबस्ताची पोरं बघत होते, हा कालपासून उभाय बघ, पाय बघ कसे बदलतोय.

रिटायर झाल्यावर क्वार्टरची खोली सोडून आम्ही बदलापूरला आलो आणि इथे महिन्याभरात सोसायटीतले लोक त्यांच्याकडे सल्ल्याला यायला लागले. एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते ती मागून घ्या, बाईला साक्षीसाठी पोलीस स्टेशनला बोलवता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो, हे त्यांनी किती जणांना समजावलं असेल. कोणाचा अर्ज लिहून द्यायचे, कोणाबरोबर स्वतः जायचे, एक पैसा कधी घेतला नाही. आणि घरी येऊन परत पोलीस स्टेशनात तक्रारी लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराची बाजू पण सांगायचे, की एकटा माणूस बसलाय आणि समोर वीस जण उभे आहेत.

मे २०१६ मध्ये देवनार पोलीस स्टेशनला आठ तासांची ड्युटी सुरू झाली. रवींद्र पाटील नावाच्या शिपायाने ती कल्पना मांडली होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती मनावर घेतली. ती बातमी अण्णांनी कापून पेन्शनच्या फाईलमध्ये ठेवली, अजून तिथेच आहे. एका शिपायाचं साहेबांनी ऐकलं याचा त्यांना आठ तासांपेक्षा जास्त आनंद झाला होता. लॉकडाऊनमध्ये मुंबईत ५५ च्या वरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं, तेव्हा हे ६५ चे, तरी आमच्या नाक्यावरच्या नाकाबंदीला रोज थर्मासमधून चहा द्यायला जायचे, आई ओरडायची, ऐकतील तर शपथ.

संपादक साहेब, एक विनंती. वरळीच्या बीडीडीत आता टॉवर झाले, ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, आनंदच आहे. पण तिथून आणि नायगावच्या बीडीडीमधून निघालेले अण्णांच्या वयाचे पोलीस आता बदलापूर, विरार, पनवेल, नाहीतर थेट गावी जाऊन राहिलेत. तुमच्या पेपरने त्यांना गाठून बोलतं करावं, आठवड्याला एक जरी आला तरी चालेल, आणि त्यांच्या बायकांनाही विचारावं, त्यांना जास्त आठवतं. आमच्या आईपासून सुरुवात केलीत तरी ती तयार आहे, मी विचारून ठेवलंय.

आपली नियमित वाचक,
बदलापूर