पहिल्या क्रमांकाची 'हमी' छापण्याआधी थोडं विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात छोट्या दुकानदारांनी आता इंटरनेटवर उतरायला हवं, असं सांगणारा लेख आपण छापलात. लेख चांगला होता. पण त्याच अंकात छोट्या जाहिरातींत एक चौकट होती : 'तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या क्रमांकावर. लेखी हमी. मराठी व्यावसायिकांना खास सवलत.' म्हणजे लेख वाचून ज्याला पटलं, तो पान उलटून सरळ या चौकटीच्या तावडीत. या चौकटीबद्दल लिहिल्यावाचून राहवेना.

मी गिरगावात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, बिलबुकं. पत्रिका आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, त्यामुळे ते काम आटलं आणि आजूबाजूच्या दुकानांच्या छोट्या वेबसाइट करायचं काम वाढलं. हमीवाल्यांनी करून ठेवलेले घोळ निस्तरायलाही लोक माझ्याकडेच येतात. त्यातला एक सांगते.

आमच्या वाडीच्या तोंडाशी पेटी दुरुस्त करणारे एक काका आहेत. भात्याचं कातडं बदलणं, अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करणं, भसाडे झालेले सूर घासून जुळवणं, सगळं स्वतःच्या हातानं. मुलानं हौसेनं कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतली आणि मग फोन सुरू झाले. 'सर, आपकी वेबसाइट पेज वन पे नहीं आ रही है.' काकांनी पैसे भरले. पुढच्या वर्षी पुन्हा भरले. पावतीवर लिहिलं होतं, 'दोन हजार सर्च इंजिनांत नोंदणी.' सोबत रंगीत छापलेली, स्पायरल बायंडिंगची फाइल. "ताई, फाइल एवढी जाड आहे, मग फोन का येत नाही गिऱ्हाइकाचा?" असं विचारत ते माझ्याकडे आले.

मी त्यांच्यासमोरच गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहिलं, कोलन दिला आणि जागा न सोडता त्यांच्या वेबसाइटचा पत्ता टाकला. असं केलं की त्या साइटची पानं गूगलच्या नोंदीत आहेत की नाहीत, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. काकांचं एकही पान आलं नाही. पहिल्या पानाचं सोडाच, दुकान कुठल्याच पानावर नव्हतं. आत जाऊन पाहिलं तर सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये' या ओळीपुढे टिक. साइट अर्धवट असताना लोकांना दिसू नये म्हणून बनवणारे ती टिक करतात. काम संपल्यावर काढायची, ती या पठ्ठ्याने काढलीच नाही. परिणाम असा, की प्रत्येक पान गूगलला सांगत होतं, मला घेऊ नका. आणि दुसऱ्या बाजूला नोंदणीचं बिल वर्षाच्या वर्षाला वसूल होत होतं. साइट उघडून पाच मिनिटं तपासली असती तरी हे दिसलं असतं. म्हणजे ती कुणी उघडलीही नव्हती.

संपादक महोदय, सर्च इंजिनात नाव लागायला पैसे लागतच नाहीत, हे एवढं तरी आपण ठळक छापा. गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात इंटरनेट पालथं घालत असतो. आपलं पान लवकर सापडावं असं वाटत असेल तर सर्च कन्सोल नावाची गूगलचीच मोफत सोय आहे. साइट आपलीच आहे हे एक छोटा कोड लावून सिद्ध करायचं, पानांची यादी म्हणजे साइटमॅप द्यायचा, हवं तर एखाद्या पानाची तपासणी मागायची. मग काही दिवस, कधी काही आठवडे थांबायचं. पान घेतलंच जाईल असं वचन गूगलही देत नाही. पैसे घेऊन आम्ही कुणाची साइट जास्त वेळा तपासत नाही आणि वरही आणत नाही, हे मात्र गूगलने स्वतः लिहून ठेवलं आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. पैसे भरून वर दिसतं ती जाहिरात. तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं आणि पैसे थांबले की ती जाते. जाहिरात दिली म्हणून खालच्या साध्या निकालांत क्रमांक सुधारतो, हाही गैरसमजच.

आणि दोन हजार सर्च इंजिनं आणायची कुठून? आपल्याकडे बहुतेक सगळा शोध गूगलवरच होतो. त्यानंतर बिंग. बिंगचीही अशीच मोफत सोय आहे आणि सर्च कन्सोलमधली साइट तिथे जशीच्या तशी आणता येते. याहू, डकडकगो ही मंडळी बरीचशी बिंगच्याच निकालांवर चालतात. ही 'नोंदणी'ची भाषा मुळात नव्वदच्या दशकातली. तेव्हा माणसांनी तयार केलेल्या याद्या असत, त्यात अर्ज करून साइट घालावी लागे. याहूची डिरेक्टरी तर व्यापारी साइटकडून वर्षाला 299 डॉलर घ्यायची. ती 2014 मध्ये बंद झाली, डीमॉझ नावाची दुसरी मोठी यादी 2017 मध्ये. याद्या गेल्या, त्यांच्या नावाने पावत्या फाडणारे राहिले.

काकांच्या जाड फाइलमध्ये होतं काय? लिंकांची यादी. पानंच्या पानं. परदेशातल्या बूट विकणाऱ्या साइट, पत्त्यांचा जुगार, कुठल्या तरी बंद पडलेल्या साइटच्या अभिप्रायांत चिकटवलेला काकांच्या दुकानाचा पत्ता. यामागेही जुना इतिहास आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 मध्ये गूगल काढलं ते एका कल्पनेवर. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत, आणि ज्याला स्वतःला जास्त मतं आहेत त्याच्या मताचं वजन जास्त. हे कळल्यावर लोकांनी मतं विकत घ्यायला सुरुवात केली, जे व्हायचंच होतं. 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणून अशा खोट्या लिंकांचं कंबरडं मोडलं. आता असल्या लिंका बहुधा मोजल्याच जात नाहीत, क्वचित अंगलटही येतात. काकांकडे विद्यार्थ्यांना पाठवणारे एक संगीत शिक्षक आहेत. त्यांच्या क्लासच्या साइटवर 'पेटी इथे दुरुस्त करून घ्या' अशी एक ओळ आली, तर त्या अख्ख्या फाइलपेक्षा ती कामाची. हमीवाल्यांचा दुसरा माल म्हणजे पानाच्या पोटात लपवलेली 'कीवर्ड'ची, म्हणजे लोक शोधतील अशा शब्दांची, माळ. वेब शोधात आम्ही ती वापरत नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं आहे.

आता मराठी साइटांचं खरं दुखणं. काकांच्या साइटचं पहिलं पान म्हणजे एक पोस्टर होतं. देखणं, सरस्वतीसकट. पण पत्ता, वेळ, कामांची यादी सगळं त्या चित्रात. पानावर मजकूर म्हणून एक अक्षर नाही. चित्रातली अक्षरं गूगल कधी ओळखतं, कधी नाही. धंदा त्या भरवशावर सोडू नये. दुसरी तऱ्हा आम्हा डीटीपीवाल्यांची देणगी. जुन्या फॉन्टांत केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत 'क' नसतोच. आत इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं, त्याला फॉन्ट 'क'चा आकार देतो. तो मजकूर तसाच साइटवर गेला की माणसाला 'भाता बदलून मिळेल' दिसतं आणि बॉटला अर्थहीन खिचडी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत. तिच्यात देवनागरी 1991 पासून आहे. तरीही जुन्या फॉन्टातले मजकूर आणि फोटो काढून चढवलेली पत्रकं आजही संस्थांच्या साइटवर सर्रास दिसतात. (आपल्या ई-पेपरची पानंही चित्रंच आहेत, हे जाता जाता.)

काकांच्या पानावर मी युनिकोडमध्ये साधा मजकूर टाकला, तोही त्यांच्या तोंडचा. गिऱ्हाईक दारात येऊन जे बोलतं तेच : भाता गळतोय, काळी चारचा सूर लागत नाही, पट्टी खाली बसून राहते. लोक शोधतानाही असंच लिहितात. कुणी 'पेटी दुरुस्ती' लिहितं, कुणी 'हार्मोनियम रिपेअर', कुणी मराठी शब्द रोमन लिपीत. म्हणून दोन्ही नावं मजकुरात आली, कोंबून नव्हे, बोलण्याच्या ओघात. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक दिलं. आधी सगळ्या पानांचं शीर्षक 'होम' होतं!

आणि नकाशा. पेटी दुरुस्त करणाऱ्याला अख्ख्या देशात वर येऊन काय करायचंय, त्याला गिरगाव-ताडदेवच्या माणसाला सापडायचं आहे. गूगल नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते. तिथला क्रम ठरतो तीन गोष्टींवर : शोध आणि दुकान जुळतं का, शोधणाऱ्यापासून अंतर किती, आणि दुकानाचं नाव किती झालेलं आहे. गिरगावात अडचण वेगळीच. पिन पडते मुख्य रस्त्यावर आणि दुकान असतं वाडीत, मागच्या जिन्याजवळ. पिन हातानं सरकवावी लागते. इमारत पुनर्विकासाला गेली, दुकान हललं, तरी नोंद जुन्याच पत्त्यावर, असंही चिक्कार दिसतं. गिऱ्हाईक पत्र्यांच्या कुंपणासमोर उभं राहतं आणि परत जातं. हे तपासायला कुठलाही तज्ज्ञ लागत नाही, घरातली कॉलेजला जाणारी मुलगी पुरते. खोटे अभिप्राय विकत घेण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये. ते नियमाबाहेर आहे, आणि सापडले की उडवले जातात.

काकांची ती टिक काढली, बाकीचं दुरुस्त केलं आणि साइट नोंदीत आली. 'हार्मोनियम' एवढंच टाकलं तर काका कुठेच नाहीत, असणारही नाहीत. तिथे विश्वकोश आणि मोठमोठी दुकानं आहेत. जवळपास पेटी दुरुस्त करून देणारा शोधला तर दिसतात. त्यांना एवढंच हवं होतं. आता फोनवाल्यांनी नवी टूम काढली आहे, 'एआयच्या उत्तरात तुमचं नाव आणून देतो.' काकांनी त्याला परस्पर वाटेला लावलं, याचं मला फार बरं वाटलं.

आपल्याकडे मागणं एवढंच, की अशा जाहिरातीचे पैसे घेण्याआधी विभागाने विचारावं : हमी कुठल्या शब्दांच्या शोधासाठी? कारण हमी 'पाळण्याची' युक्ती ठरलेली आहे. दुकानाचं पूर्ण नाव, गल्ली, मालकाचं आडनाव असं सगळं एकत्र टाकून दाखवायचं. तसा शोध दुसरं कुणी घेतच नाही, मग पहिले येणार नाहीतर काय? किंवा दुकानातच उभं राहून, मालकाच्याच फोनवर शोधायचं. जवळचं म्हणून तेच दुकान वर येतं. मालक खूश, पावती फाटली. शब्द कुठले ते लेखी द्यायला जो तयार नाही, त्याची चौकट छापू नये.

आपली नम्र,
गिरगावातील एक डीटीपीवाली
(नाव-पत्ता आपल्याकडे वेगळा दिला आहे. कृपया छापू नये, फोनवाले पुरे झाले.)