मागच्या पट्ट्यातली माती आणि मांजरं तिथेच राहू द्या: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व), मुंबई

विषय: मागच्या मोकळ्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवणे, कुंड्या हटवणे आणि मांजरं पकडून बाहेर सोडणे याबाबतची सूचना

महोदय,

स.न.वि.वि.

लिफ्टजवळच्या फलकावरची सूचना वाचली. मागच्या पट्ट्यातली माती काढून पेव्हर ब्लॉक बसवायचे म्हणजे चार गाड्यांची सोय होईल, तिथल्या कुंड्या पंधरा दिवसांत हलवायच्या आणि मांजरं पकडणाऱ्या माणसाकडून उचलून ‘लांब कुठेतरी’ सोडायची, असं तिच्यात म्हटलं आहे. या तिन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. जिन्यात भेटल्यावर असे विषय दोन वाक्यांत मिटतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र समितीच्या सभेत वाचावं आणि इतिवृत्तात त्याची नोंद घ्यावी, ही विनंती.

ही जागा मी रोज पाहते. दुपारची कामं आवरली की लोकरीची पिशवी घेऊन पंपरूमसमोरच्या कट्ट्यावर बसते आणि दिवेलागणीला वर जाते. सुलट-उलटाची साधी वीण हाताला बसलेली असते, सुयांकडे सारखं बघावं लागत नाही. डोळे मोकळे राहतात आणि आजूबाजूचं सगळं दिसतं. लिंबाच्या झाडावर शिंपी पक्षी पान दुमडून त्याच्या कडा कोळ्याच्या जाळ्याने आणि कापसाच्या धाग्याने शिवतो, ते मी इथे बसून पाहिलं आहे. कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या असतात म्हणून त्या झाडाची पानं आम्ही वरवरचीच तोडतो.

मुंबईच्या हवेत विणकामाचा काय उपयोग, असं मला अनेकजण विचारतात. नवजात बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब सांभाळता येत नाही. शरीराच्या मानाने त्याचं डोकं मोठं असतं, त्यामुळे तिथूनच बरीच ऊब निघून जाते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवतात तेव्हाही त्याच्या डोक्यावर टोपी असते. म्हणून आमच्या कट्ट्यावर अकरा नंबरच्या सुयांवर मऊ सुती धाग्याची टोपडी आणि पायमोजे सतत विणले जातात. पहिल्या दोन इंचांना दोन सुलट दोन उलट, म्हणजे काठ ताणतो आणि बाळाच्या कपाळाला काचत नाही. तयार झालेला गठ्ठा प्रसूतिगृहात जातो. आपल्या इमारतीत आलेल्या बहुतेक बाळांनीही ही टोपडी घातली आहेत. अध्यक्षसाहेब, आपल्या नातीचं पिवळं टोपडंही इथलंच.

कट्ट्यावर मी एकटी नसते. ए विंगमधल्या आजींना गुडघ्यांमुळे बागेपर्यंत चालवत नाही, त्या इथे येतात. नुकत्याच निवृत्त झालेल्या एका काकांनी इथेच सुया हातात घेतल्या, आता ते स्वतःचा मफलर विणतात. नोकरी सुटल्यावर घरात कोंडून घेतलेली एक मुलगी सुरुवातीला नुसती बसून राहायची, आता ती शाळकरी मुलींना टाके घालायला शिकवते. चार गाड्यांच्या मोबदल्यात यांनी बसायचं कुठे, याचा त्या सूचनेत विचार झालेला नाही. क्लब हाउस आपल्याकडे नाही. गच्चीला कुलूप असतं.

आता मांजरांबद्दल. सध्या पाच आहेत. भुरी आणि ठिपकी या जुन्या, बाकीची त्यांच्यामागून आलेली. ठिपकी काळी, पांढरी आणि केशरी अशी तीन रंगांची आहे. अशी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, कारण काळा आणि केशरी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि दोन्ही रंग यायला अशी दोन गुणसूत्रं लागतात. मुलांना हे सांगितल्यापासून ती येता-जाता मांजरांची तपासणी करतात.

समितीला वाटतं, मांजरं उचलून नेली की प्रश्न संपला. पण जिथे अन्न आणि आडोसा आहे तिथली जागा रिकामी राहत नाही. शेजारच्या गल्लीतली मांजरं येतात, त्यांची नसबंदी झालेली नसते आणि पिल्लांची संख्या पुन्हा वाढते. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीन वेळा पिल्लं देऊ शकते. याउलट नसबंदी झालेली मांजरं जागा धरून राहतात आणि त्यांच्यात वाढ होत नाही. रात्री रडल्यासारखा आवाज येतो, बोके भिंतींवर उग्र वासाची फवारणी करतात, अशा तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण हा त्रास मुख्यतः नसबंदी न झालेल्या मांजरांचा असतो. ठिपकीची शस्त्रक्रिया आम्ही काही सभासदांनी वर्गणी काढून करून घेतली. तिच्या कानाचं टोक कापलेलं दिसतं ती त्याचीच खूण, म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडून नेऊ नये. बाकीच्यांचंही करायला आम्ही तयार आहोत. गरज पडेल तिथे महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे आणि परळच्या बैलघोडा हॉस्पिटलकडे चौकशी करू. रेबीजची लसही त्याच वेळी देऊन घेऊ.

‘लांब कुठेतरी’ सोडण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. मांजर जागेची असते. अनोळखी गल्लीत तिला पाणी कुठे, लपायला कुठे हे ठाऊक नसतं, तिथली मांजरं आणि कुत्री तिला टिकू देत नाहीत. उपाशी-तहानेली मरेल अशा स्थितीत कुठल्याही प्राण्याला सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातल्या कलम ११ खाली गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतला नियम २० तर थेट आपल्यासारख्या सोसायट्यांबद्दल आहे. आवारात राहणाऱ्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी तो रहिवासी संघटनेवर टाकतो. खाण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर, सर्वांच्या सोयीने ठरवावी, वेळ ठरवून घ्यावी आणि खाऊ घालणाऱ्याने मागे घाण ठेवू नये, असं तो सांगतो. वाद झालाच तर तो समिती नेमून सोडवायची तरतूदही त्यात आहे. हा नियम मांजरं न आवडणाऱ्या सभासदांच्याही बाजूचा आहे. कुणीही जिन्यात मासळीचे काटे टाकू नयेत हे मलाही तितकंच पटतं.

मांजरांमुळे उंदीर संपतील असा दावा मी करणार नाही. घुशीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही आणि उंदरांचा खरा बंदोबस्त ओला कचरा झाकून ठेवण्यातच आहे. तरी लहान उंदीर त्यांच्या वावरामुळे पंपरूमकडे कमी फिरकतात, हे आम्ही पाहतो. मुंबईत पावसाळ्यात याला महत्त्व आहे. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पूर ओसरल्यावर हीच साथ शहरात आली होती. गेल्या वर्षी आवारात उंदरांचं विष टाकलं गेलं, तसं पुन्हा टाकू नये. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होतो, मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी सहज लागतो आणि ते विष पुढे जातं.

कुंड्यांत मांजरं घाण करतात, ही तक्रार मला सर्वांत जवळची आहे, कारण हात त्या मातीत माझेच असतात. मोकळी भुसभुशीत माती दिसली की मांजर उकरणारच. म्हणून आम्ही कुंड्यांतल्या मातीवर नारळाच्या करवंट्या आणि खडे पसरले आहेत. भिंतीच्या कोपऱ्यात वाळूची एक उथळ पेटी ठेवली तर मांजरं तिथेच जातील. ती मी रोज सकाळी साफ करेन. रोज म्हणण्याला कारण आहे. गरोदर बायकांना ज्या टोक्सोप्लाझ्मोसिस या आजाराची धास्ती असते, त्याचे जंतू मांजराच्या विष्ठेतून पडल्यानंतर संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. रोज उचललं तर तो धोका खूप कमी होतो. मातीत काम करताना हातमोजे आणि नंतर साबणाने हात धुणं, हे तर मांजरं नसली तरी करायलाच हवं. गरोदर सभासदांनी त्या पेटीच्या जवळ जाऊच नये.

मांजरं पक्षी मारतात, हेही कुणीतरी लिहून दिलं आहे. हे खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पोटभर खाल्लेलं मांजरही शिकार करतं. म्हणून पाण्याची थाळी आम्ही जमिनीवरून काढून लिंबाच्या काटेरी फांदीला टांगली आणि पिल्लं घरटं सोडून खाली उतरतात त्या दिवसांत आळीपाळीने लक्ष ठेवतो. संख्या मर्यादित राहिली तर हे निभावतं. लोकरीचे तुकडे घरट्यासाठी बाहेर ठेवा, असं मुलं सुचवतात, पण ते मी कधी ठेवत नाही. लांब धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला की पाय जातो. मांजराच्या बाबतीतही तेच. गुंड्याशी खेळणारं मांजर चित्रात गोड दिसतं, पण तिने धागा गिळला तर आतडं गोळा होतं आणि शस्त्रक्रियेवाचून ती वाचत नाही. कट्ट्यावर प्रत्येकीकडे झाकणाचा डबा आहे. कापलेलं टोक त्यातच जातं. लिलीची झाडं आम्ही लावलेली नाहीत तीही यासाठीच. तिचा नुसता पराग चाटला गेला तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

राहिला पेव्हर ब्लॉकचा प्रश्न. आवारात उघडी माती आता फक्त त्या पट्ट्यात उरली आहे. पुढे सगळीकडे काँक्रीट आहे आणि पाऊस जोरात लागला की पाणी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, येतं, हे सर्वांना माहीत आहे. मागच्या बाजूला तितका पाऊस पडूनही पाणी तुंबत नाही, कारण तिथे ते जमिनीत मुरतं. काँक्रीटचा थर देऊन वर ब्लॉक बसवले की तेही पुढे येईल आणि पंपरूम खालच्या पातळीवर आहे. शेवगा आणि पारिजातकाच्या खोडाला लागून ब्लॉक आले तर मुळांना हवा-पाणी मिळणार नाही. झाडं हळूहळू मरतील आणि एखाद्या वादळात गाड्यांवर पडतील. सरळ तोडायची म्हटली तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. समितीने ती मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या पट्ट्याने सोसायटीचा खर्चही वाचतो. पानगळीचा सगळा पाला तिथल्या खड्ड्यात जातो, त्याचं खत होतं आणि पुढच्या कुंड्यांना बाहेरून खत आणावं लागत नाही. गवती चहा, अळू, ओवा, कढीपत्ता ज्याला हवा तो नेतो. गणपतीत जास्वंद आणि दूर्वा इथूनच जातात.

गाड्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. बोनेटवर ओरखडे येतात, त्यासाठी आम्ही जुन्या चादरींची आच्छादनं शिवून देऊ. पावसात पिल्लं उबेसाठी इंजिनाशी जाऊन बसतात, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर एक थाप मारावी, एवढंच मागणं आहे. जागेसाठी मात्र आधी स्टिल्टमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या बंद गाड्या हलवाव्यात. त्यांची यादी मी सोबत जोडली आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. मांजरं पकडायला बोलावलेल्या माणसाला तूर्त थांबवावं, कारण एकदा नेलेली मांजरं परत आणता येणार नाहीत. खाण्याची जागा पंपरूमच्या मागे आणि वेळ सकाळी सात व रात्री नऊ अशी ठरवून द्यावी. वाट्या आम्ही अर्ध्या तासात उचलू. दूध ठेवणार नाही, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही आणि त्यानेच घाण वाढते. उरलेल्या चार मांजरांच्या नसबंदीसाठी आम्हाला तीन महिने द्यावेत, सोसायटीने पैसे देण्याची गरज नाही. आणि मोकळ्या जागेचा वापर बदलायचा असेल तर तो विषय ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. तिथे सर्व सभासद जे ठरवतील ते मी मान्य करेन, पण फलकावरच्या सूचनेने हे होऊ नये.

समितीने एका दुपारी चारच्या सुमारास कट्ट्यावर यावं. खाण्याची जागा, वाळूची पेटी आणि पावसाचं पाणी कुठून उतरतं, हे तिथे उभं राहून दाखवणं जास्त सोपं आहे. गुरुवारी आपल्यापैकी कुणाला जमेल का, हे रविवारपर्यंत कळवावं.

आपली,
बी विंग, तिसऱ्या मजल्यावरील सभासद

सोबत:
१. नियम २० ची प्रत
२. ठिपकीच्या शस्त्रक्रियेची आणि लसीची पावती
३. स्टिल्टमधील बंद गाड्यांची यादी
४. या पत्राला पाठिंबा असलेल्या सभासदांच्या सह्या