निवाडा एक, पत्ते चार

संपादक महोदय,
स. न.

न्यूट्रल सायटेशन, म्हणजे निवाड्याला न्यायालयाने स्वतःच दिलेला क्रमांक, आल्यापासून वकिलांची धावपळ संपली, असे कालच्या अंकातील लेखात वाचले. लेखकांनी कृपया एकदा खालच्या कोर्टात येऊन बसावे.

गेल्या महिन्यात वाटपाच्या दाव्यात मी सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा दाखवला. प्रत त्याच न्यायालयाच्या संकेतस्थळावरची, माथ्यावर त्या न्यायालयाचा स्वतःचा 'आयएनएससी' क्रमांक छापलेला. न्यायाधीश साहेबांनी विचारले, "एससीसी कुठे आहे?" समोरच्या वकिलांच्या हातात एआयआर. दोन्ही खासगी प्रकाशकांची निवाडे छापणारी पुस्तके. मी परिच्छेद १७ म्हटले, तर त्यांच्या पुस्तकात तोच मजकूर १९ मध्ये. दोघेही पाने उलटत राहिलो, साहेबांनी घड्याळ पाहिले आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. माझी पक्षकार सत्तरीची आहे, दोन एसट्या बदलून येते. व्हरांड्यात तिने विचारले, "आज काय झालं, साहेब?" मला उत्तर देता आले नाही.

केशवानंद भारतीचा निवाडा एआयआर १९७३ एससी १४६१ म्हणूनही सांगतात आणि (१९७३) ४ एससीसी २२५ म्हणूनही. खासगी प्रकाशकांच्या या क्रमांकांवर विसंबायला लागू नये म्हणूनच २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा क्रमांक सुरू केला. मुंबई उच्च न्यायालयाचा क्रमांक आणखी वेगळा: बीएचसी, त्यापुढे अपील शाखेला एएस, मूळ शाखेला ओएस, नागपूर खंडपीठाला एनएजी. तेही चालेल, पाठ करू. पण न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांक आणि निवाड्यातलेच मूळ परिच्छेद क्रमांक प्रत्येक कोर्टाने पुरेसे मानावेत, असे परिपत्रक उच्च न्यायालयाने काढायला हवे. आज एका कोर्टात संकेतस्थळाची प्रत चालते, शेजारच्या कोर्टात पुस्तकाची झेरॉक्सच लागते. कागदाचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच दोन्ही बाजूंनी छापलेला ए-फोर स्वीकारला, तरी मला गेल्याच आठवड्यात एका कोर्टातून एकाच बाजूला छापून आणण्यासाठी परत पाठवले.

आणि एक तक्रार आपल्या वृत्तपत्राबद्दल. पोटगीवर 'उच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय' अशी बातमी परवा आपण छापली. त्यात प्रकरणाचा क्रमांक नाही, तारीख नाही, खंडपीठही नाही. तिघीजणी ते कात्रण घेऊन माझ्याकडे आल्या. संध्याकाळभर शोधूनही निवाडा सापडला नाही. नावे गुप्त ठेवायची असतील तर जरूर ठेवा, पण बातमीखाली क्रमांकाची एक ओळ द्या.

आपला,
एक वकील वाचक