फेराईट, भट्टी आणि दाणा

टोकियो

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

लोखंडाच्या ऑक्साइडापासून चुंबकाच्या कामाची वस्तू कशी होते आणि हे काम आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात जमेल का, असे तुम्ही विचारले होते. फोनवर ते धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फेराईट म्हणजे आयर्न ऑक्साइड आणि मँगनीज, जस्त, निकेल अशा धातूंची ऑक्साइडे एकत्र भाजून केलेले सिरॅमिक. त्यात चुंबकत्व असते, पण धातूसारखी वीज सहज वाहत नाही. म्हणूनच मोबाइलच्या चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याचा करतात. 1930 मध्ये कातो आणि ताकेई या संशोधकांनी याच शहरात ते शोधले आणि 1935 मध्ये त्याच्या उत्पादनासाठी टीडीके ही कंपनी निघाली.

स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतल्या घटकांच्या प्रमाणाचा, रिपोर्ट बरोबर आला तरी सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइटचे गोळे नीट दिसले नाहीत, तर एसजी आयर्नचे, म्हणजे गोलाकार ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाचे, कास्टिंग तुम्ही पुढे जाऊ देत नाही. इथेही तेच आहे: रसायन बरोबर असून भागत नाही, आतली रचनाही बरोबर लागते. पावडरी मिसळून सुमारे 900 ते 1000 अंशांवर एकदा भाजतात, मायक्रॉनभर बारीक दळतात, बाइंडर घालून दाबतात. दाबलेली कडी इतकी कच्ची असते की नखाने ओरखडा उठतो. 1300 अंशांच्या वर भाजून निघाली की ती प्रत्येक बाजूने सुमारे सहाव्या हिश्शाने आक्रसलेली, काळी आणि टिचकी मारल्यावर खणखणणारी असते. तिचा तुकडा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दाणे, म्हणजे एकमेकांना चिकटलेले बारीक स्फटिक, आणि त्यांच्यामधली छिद्रे दिसतात. छिद्र दाण्यांच्या सीमेवर असेल तर एक वेळ चालते. पण भट्टी घाईने तापवली, तर दाण्याची सीमा छिद्राला मागे टाकून पुढे सरकते आणि छिद्र दाण्याच्या पोटात अडकते. मग चुंबकत्वाची दिशा जिथे बदलते ती भिंत तिथे अडखळते आणि पारगम्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला साथ देण्याची क्षमता, घटते.

दाणा मोठा तर सीमा कमी आणि भिंतीला अडथळेही कमी, मग दाणा मोठाच करावा, असे तुम्ही म्हणाल. सिग्नलच्या कामाला जास्त पारगम्यता लागते आणि तिथे तो मोठाच करतात. पॉवर सप्लायमध्ये मात्र वारंवारता वाढली की गाभ्यातच घुमणाऱ्या विजेच्या भोवरी प्रवाहांनी तो तापतो, म्हणून तिथे बारीक दाणा आणि प्रत्येक दाण्याभोवती वीज अडवणारा पातळ थर लागतो. तो थर कॅल्शियम ऑक्साइड आणि सिलिका यांचा असतो आणि त्यांचे प्रमाण शेकडा काही शतांश इतकेच असते. सिलिका जरा जास्त पडली तर काही दाणे बेसुमार वाढतात आणि अख्खा लॉट भंगारात जातो.

माझ्या मते खरी कसोटी थंड करण्यात आहे. मँगनीज-झिंक फेराईट तापमानानुसार प्राणवायू कमी करत, नायट्रोजनच्या वातावरणात थंड करावे लागते. नाही तर त्याचे पुन्हा ऑक्सिडेशन होते, हेमेटाइट हे लोखंडाचे ऑक्साइड वेगळे पडते, आत ताण राहतो आणि नेमके प्रमाण घेऊन केलेला माल बिघडतो.

लाउडस्पीकरमधल्या स्ट्रॉन्शियम फेराईटचा हिशेब उलटा आहे. तिथे चुंबकत्व सहजी बदलू नये अशी अपेक्षा असते, म्हणून दाणा मायक्रॉनच्या आसपासच ठेवतात. ओली पावडर चुंबकीय क्षेत्रात दाबली की सगळे कण एका दिशेने वळतात आणि शिल्लक चुंबकत्व सुमारे 0.2 टेस्लावरून 0.4 टेस्लापर्यंत जाते. रसायन तेच राहते, वाढ होते ती केवळ मांडणीमुळे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मँगनीज-झिंकच्या नादाला सुरुवातीला लागू नये. वातावरण सांभाळणाऱ्या भट्टीचा खर्च मोठा असतो आणि रोजचे लक्ष त्याहून जास्त लागते. निकेल-झिंक मात्र साध्या हवेत भाजता येते, त्यामुळे प्रेस, डाय आणि चांगली विजेची भट्टी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. डाय तर उद्यमनगरात उत्तमच बनतील. शिवाजी विद्यापीठात फेराईटवर बरीच वर्षे संशोधन चालते. नमुने तपासण्याबद्दल तिथे आधी चौकशी करावी. पावडर घेताना मात्र शुद्धतेचा दाखला मागून घ्या, सिलिकाचा आकडा विशेषतः पाहा आणि मला कळवा.

आईस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
संदीप