कितवी आलीस?

जर्सी सिटी,
दि. ११ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेला फराळ परवा पोहोचला. चकल्या थोड्या मोडल्या आहेत, पण अनारसे जसेच्या तसे आले. उद्या पहाटे इथेही अभ्यंगस्नान होईल. पायांना तेल लावून घेण्याची गरज यंदा मला जरा जास्तच आहे.

गेल्या रविवारी तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजत आले असताना तुम्ही फोनवर मला दोनच प्रश्न विचारलेत. पहिला, पोहोचलीस का, आणि दुसरा, कितवी आलीस. पहिल्याचे उत्तर लगेच देता आले. दुसऱ्याचे उत्तर मला फोनवर नीट सांगता येईना, म्हणून मी पत्र लिहीन असे म्हणाले. आकडाच सांगायचा तर न्यूयॉर्क मॅरेथॉनची शर्यत पूर्ण करणाऱ्या ५१ हजारांहून अधिक लोकांत माझा क्रमांक ३७ हजारांच्या पुढे आहे, आणि मला ५ तास ६ मिनिटे लागली. शाळेच्या मैदानावर शिट्टी आणि घड्याळ घेऊन पस्तीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला हा आकडा कसा वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणूनच त्या दिवशी रस्त्यावर काय घडले ते सविस्तर लिहिते.

इथे धावायला मिळणे हीच आधी एक शर्यत असते. चिठ्ठीत नाव निघण्याची वाट न पाहता मी दुसरा मार्ग धरला होता. आयोजक संस्थेच्या नऊ लहान शर्यती वर्षभरात पूर्ण करायच्या आणि एका शर्यतीत स्वयंसेवक म्हणून काम करायचे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये जागा नक्की होते. पाण्याच्या टेबलामागे काम करताना मी शिकले की पेला कडेला धरून हात लांब करायचा, म्हणजे धावणाऱ्याला तो न थांबता घेता येतो, आणि पेला हाती गेला की आपण लगेच सोडायचा. लोणंदला माऊलींची पालखी यायची तेव्हा आत्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभे राहून मी वारकऱ्यांना केळी वाटायची, त्याची मला तेव्हा फार आठवण झाली. देणाऱ्याच्या बाजूने उभे राहिल्याशिवाय घेणाऱ्याचे मोल पुरते कळत नाही, असे मला आता वाटते.

मॅरेथॉन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि त्याच पहाटे इथली घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे झोपेला एक तास जास्त मिळतो. मला मात्र झोप लागलीच नाही. साडेतीनला उठून, ओट्स आणि केळे खाऊन, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून स्टॅटन आयलंडला जाणारी नारिंगी फेरीबोट पकडली. उजाडताना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उजवीकडून गेला आणि बोटीवरची सगळी माणसे एकदम गप्प झाली. पुढे बसने फोर्ट वॅड्सवर्थच्या जुन्या किल्ल्यापाशी उतरलो, आणि तिथे आपली पाळी येईपर्यंत तीन-साडेतीन तास गवतावर बसून राहिलो. पहाटे गारठा होता. सगळ्यांच्या अंगावर टाकून द्यायला आणलेले जुने स्वेटर आणि कोट असतात. सुरुवातीच्या रेषेजवळ ते काढून ठेवायचे, आणि नंतर ते गोळा करून गरजूंना दिले जातात.

एकाच वेळी पन्नास हजार माणसे सोडली तर पुलावर चेंगराचेंगरी होईल, म्हणून आम्हाला पाच तुकड्यांत विभागले होते आणि तुकड्यांमध्ये पस्तीस-पस्तीस मिनिटांचे अंतर होते. माझी तिसरी तुकडी, सकाळी १० वाजून २० मिनिटांची. प्रत्येकाच्या छातीवरच्या क्रमांकाच्या मागे एक बारीक चिप असते. रस्त्यात ठिकठिकाणी अंथरलेल्या पट्ट्यांवरून गेलो की तिची वेळ नोंदली जाते, आणि माणसाचे घड्याळ त्याने स्वतः रेषा ओलांडल्यावरच सुरू होते. तुम्ही मोबाइलवर जो ठिपका बघत होतात तो याच नोंदींवरून आणि मधल्या अंदाजावरून चालत होता. त्यामुळे तो मध्येच खिळल्यासारखा झाला तेव्हा तुम्ही आईला उठवलेत हे ऐकून मला वाईट वाटले. ते का झाले ते पुढे सांगते.

तोफ झाली आणि व्हेराझानो पुलावर आम्ही निघालो. १९६४ साली हा पूल खुला झाला तेव्हा जगातल्या झुलत्या पुलांमध्ये त्याचा मधला गाळा सर्वांत लांब होता, जवळजवळ तेराशे मीटर. पहिला दीड किलोमीटर चढच आहे. डावीकडे दूरवर मॅनहॅटनच्या इमारती दिसत होत्या, आणि हजारो पायांखाली पूल हलकेच थरथरत होता. तुम्ही अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर आम्हा पोरांना सांगायचात, “चढाला पाऊल लहान, नजर चार हातांवर, दम नाकाने.” मी तेच केले. माझ्या शेजारून किती तरी जण उत्साहाने सुसाट पुढे गेले, आणि त्यांतले काही मला पस्तीसाव्या किलोमीटरनंतर चालताना भेटले.

पुरुषांत तामिरात तोला २ तास ४ मिनिटे ५८ सेकंदांत या मार्गावरचा नवा विक्रम करून पहिला आला आणि स्त्रियांत हेलन ओबिरी जिंकली. ते दोघे सेंट्रल पार्कमध्ये पोहोचले तेव्हा मी ब्रुकलिनच्या फोर्थ अव्हेन्यूवर होते, माझे आठ किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. तरीही रस्त्यावर आखलेल्या ज्या निळ्या रेघेवरून ते गेले तीच माझ्याही पायांखाली होती. इतर कोणत्या खेळात सामान्य माणसाला जगज्जेत्यांबरोबर एकाच दिवशी एकाच मैदानावर उतरायला मिळते, याचा तुम्हीच विचार करा.

इथे पुष्कळ लोक सदऱ्यावर आपले नाव लिहितात, म्हणजे प्रेक्षकांना हाक मारता येते. मी नावाऐवजी ठळक इंग्रजी अक्षरांत सातारा असे लिहिले होते. ब्रुकलिनच्या पहिल्या गल्लीपासून “गो सटारा, गो सटारा” सुरू झाले ते शेवटपर्यंत. लहान मुले हात पुढे करून उभी होती, कुणी पदपथावर खुर्च्या मांडून ढोल वाजवत होते, एका चर्चच्या पायऱ्यांवर गायकवृंद टाळ्या वाजवत गात होता. सनसेट पार्कमध्ये स्पॅनिश ऐकू येत होते; पुढे विल्यम्सबर्गच्या दक्षिण भागात, जिथे हसिदी ज्यू लोकांची वस्ती आहे, तिथे अचानक शांतता झाली. काळे लांब कोट घातलेले पुरुष आणि बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका आपापल्या कामाला चालल्या होत्या. त्या शांत रस्त्याने मला बरेच सावरले. गर्दीच्या आवाजावर पाय नकळत जास्त पळतात, हे तिथे लक्षात आले.

बरोबर अर्धे अंतर पुलास्की पुलावर होते. तो उतरून क्वीन्समध्ये शिरल्यावर गर्दीतून कुणीतरी ओरडले, “सातारा! अगं पळ, पळ, मी कराडची!” माझ्या आईच्या वयाच्या एक बाई स्वेटरवर शाल घेऊन उभ्या होत्या. तेरा मैल सटारा ऐकल्यावर तो शुद्ध ‘ता’ कानांवर पडला आणि मला रडू आले. त्यांचा हात हातात घेऊन मी पुढे गेले. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले याची चुटपुट अजून आहे.

क्वीन्सबरो पुलाच्या खालच्या मजल्यावर प्रेक्षक नसतात. चढ लांब आहे, डोक्यावर लोखंडी छत आहे, आणि ऐकू येतो तो फक्त पावलांचा आणि श्वासांचा आवाज. तिथे माझ्या पुढे एक दृष्टिहीन धावपटू होता. त्याच्या आणि वाटाड्याच्या हातांत एकाच दोरीची दोन टोके होती. वाटाड्या शांतपणे सांगत होता: अजून चढ आहे, आता रस्त्यात सांधा आहे, पाऊल उचल, आता उतार. मी मुद्दाम त्यांच्या मागे राहिले आणि तीन किलोमीटर त्या सूचनांवर धावले. अशा धावपटूंना साथ देणारी अकिलीज नावाची संस्था डिक ट्रॉम यांनी १९८३ साली काढली. ते स्वतः १९७६ साली कृत्रिम पायाने हीच शर्यत पूर्ण करणारे होते.

पुलावरून फर्स्ट अव्हेन्यूवर उतरताना जो आवाज अंगावर येतो त्याचे वर्णन मला करता येणार नाही. पण माझी खरी परीक्षा त्यानंतर, ब्रॉन्क्सकडे नेणाऱ्या लहान पुलावर झाली. शरीरातली साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि मग पाय ऐकेनासे होतात, हे मी वाचले होते. प्रत्यक्षात उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी कठड्याला धरून उभी राहिले. तुमचा ठिपका थांबला तो तेव्हा. एका स्वयंसेवक मुलीने पोटरी दाबून दिली, मीठ आणि पाणी दिले, आणि “थांबू नका, चाला” एवढेच सांगितले. तिचे वय तुमच्या दहावीच्या मुलींएवढे असेल. पुढचे दोन किलोमीटर मी चालले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. हार्लेममधून फिफ्थ अव्हेन्यूचा जो लांब, फसवा चढ आहे तो मी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत असा मोजत काढला.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. ही शर्यत १९७० साली सेंट्रल पार्कमध्येच प्रदक्षिणा घालून सुरू झाली. १२७ जण निघाले आणि ५५ पोहोचले. १९७२ साली, म्हणजे तुम्ही नोकरीला लागलात त्याच वर्षी, बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी वेगळे निघावे असा नियम लादला गेला. तेव्हा सहा बायका बंदूक झाल्यावर रेषेवरच बसून राहिल्या आणि दहा मिनिटांनी पुरुषांबरोबर उठून धावल्या. त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटे धरली गेली. तुम्ही मुलींची लांब पल्ल्याची शर्यत सुरू करायला निघालात तेव्हा शाळेत झालेला विरोध मला आईने सांगितला आहे, म्हणून त्या सहाजणी तुम्हाला कळाव्यात असे वाटले.

नव्वदाव्या रस्त्याजवळ आम्ही सेंट्रल पार्कमध्ये वळलो. ही शर्यत ज्यांनी वाढवली त्या फ्रेड लेबो यांचा मनगटी घड्याळाकडे पाहणारा पुतळा शर्यतीच्या दिवसांत शेवटच्या रेषेजवळ आणून ठेवतात. शर्यत शहराच्या पाचही भागांतून जाऊ लागल्यानंतर आयोजनातच गुंतलेल्या लेबोंना स्वतः या मार्गावर धावता आले नव्हते. १९९२ साली, साठाव्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाशी झुंजत असताना ते धावले, आणि त्यांच्या शेजारी ग्रेटे वाइट्झ होत्या, ज्यांनी ही शर्यत नऊ वेळा जिंकली होती. दोघे ५ तास ३२ मिनिटांनी रडत रडत रेषेवर आले. आपल्या मोहीच्या धावपटू ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते, हेही मला त्या पुतळ्याजवळ आठवले.

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी मी पोहोचले. गळ्यात पदक पडले, अंगावर उबदार झगा घातला गेला, आणि मग पार्कच्या बाहेर पडायलाच अर्धा तास चालावे लागले. घरी मात्र गेले नाही. आमच्या धावण्याच्या गटातल्या ६८ वर्षांच्या एक निवृत्त परिचारिका पाचव्या तुकडीत होत्या. त्यांच्यासाठी मी पार्कच्या दक्षिणेकडच्या रस्त्यावर, कठड्याशी उभी राहिले. पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळला, अंधार पडला, पण लोक हलले नाहीत. दिव्यांच्या उजेडात एकेकटे, वाकलेले, लंगडणारे धावपटू येत राहिले, आणि प्रत्येकाला सकाळइतक्याच जोराने हाका मिळत राहिल्या. पावणेसातला आमच्या बाई आल्या. शेजारच्या मुलाने त्यांच्या सदऱ्यावरचे नाव वाचून हाक मारली, त्यांनी मान वर केली, आणि शेवटचे आठशे मीटर त्या चालल्या नाहीत, धावल्या. त्यांचा क्रमांक कितवा आला हे मी त्यांना विचारले नाही.

१८ डिसेंबरला आम्ही निघतो. पदक बरोबर आणते आहे. तुमचा गुडघा बरा असेल तर एके पहाटे यवतेश्वरच्या घाटात पहिल्या वळणापर्यंत दोघे चालत जाऊ. घड्याळ तुम्हीच घ्या.

आईला साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली,
थोरली